रात्रीची मिरवणूक रंगवताना : लेकीस पत्र

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठविलेली चित्रे सवडीने पाहिली. फोनवर घाईत काही बोलण्यापेक्षा नीट लिहावे, म्हणून हे पत्र. हवाई बेटांवरच्या हिलो गावातल्या शाळेत मैत्रिणींकडून ऐकून आलेल्या भुतांच्या गोष्टी तू आज रंगांत उतरवते आहेस, याचा मला मनापासून आनंद वाटतो. हा विषय पोरकट आहे असे म्हणून कोणी नाक मुरडले, तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

'हुआकाई पो', म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीचे चित्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि माझे खरे म्हणणे त्याच्याविषयीच आहे. मृत योद्धे आणि त्यांचे सरदार मशाली घेऊन, ढोल आणि शंखांच्या आवाजात जुन्या वाटांनी चालत जातात. वाटेत सापडलेल्या माणसाने जमिनीवर पालथे पडून राहायचे, मान वर करायची नाही. जो पाहील तो जगत नाही, मात्र मिरवणुकीतल्या एखाद्या पूर्वजाने 'हा माझा' असे म्हटले, तर तो वाचतो. तू मात्र योद्धे अगदी समोरून, शिरस्त्राणांसकट आणि डोळ्यांतल्या चमकेसकट रंगविले आहेस. रेखाटन उत्तम आहे, पण या गोष्टीत ज्याला ते दिसले तो सांगायला उरतच नाही. पालथ्या पडलेल्या मुलीला काय दिसेल, ते काढ. ओली काळी माती, स्वतःचे कोपर, 'टी' नावाच्या तिथल्या झुडपाच्या रुंद पानांच्या खालच्या बाजूवर सरकत जाणारा तांबूस उजेड, आणि फार तर एखाद्या पावलाची सावली. आपल्या भाड्याच्या घराच्या कोपऱ्यांवर राखणीसाठी लावलेली टीची झुडपे तुला पक्की आठवत असतील. त्यांचे एक पान तू उशीखाली ठेवून झोपायचीस. ते पान तुझे स्वतःचे आहे आणि ते दुसऱ्या कोणालाही तुझ्यासारखे काढता येणार नाही.

कोकणात माझ्या लहानपणी आजी वेताळाच्या पालखीची गोष्ट सांगे. तीही मशाली घेऊन रात्री फिरते. पण पालखी दिसते कशी, हे आजीने कधीच सांगितले नाही. खिडकी लावून घ्या आणि हाक आली तरी ओ देऊ नका, एवढेच ती सांगे, आणि आम्हांला तेवढ्यानेच झोप येत नसे.

दुसरेही एक कारण आहे. मिरवणुकीतले ते योद्धे हवाईच्या लोकांचे पूर्वज आहेत आणि आपण तिथे पाहुणे होतो. त्यांचे चेहरे आपण कुठून आणणार? डी. हॉवर्ड हिचकॉक यांचा जन्म हिलोचाच, तरी त्यांनी काढलेली ज्वालामुखीची देवी पेले गोऱ्या स्त्रीसारखी दिसते, अशी टीका झाली. किलाउएआ ज्वालामुखीच्या अभ्यागत केंद्रातल्या त्या चित्राच्या जागी नवे चित्र लावण्यासाठी २००३ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. आलेल्या १४० हून अधिक चित्रांतून हवाईतल्याच पुना भागातील आर्थर जॉन्सन यांचे चित्र निवडले गेले. त्यातली पेले तांबड्या छटांमध्ये आहे, तिच्या डाव्या हातात जमीन खणण्याची काठी आणि उजव्या हातात गर्भरूपातली धाकटी बहीण हिइआका आहे. चित्रकार हर्ब काने यांची चित्रेही पुन्हा पाहा. त्यांचे बालपण तिथल्याच वाइपिओ खोऱ्यात आणि हिलोत गेले होते.

हिलोहून डोंगरांत जाणाऱ्या सॅडल रोडचे चित्र मात्र तुला पूर्ण साधले आहे. गाडी थांबवून मागे बसणारी आणि थोड्या वेळाने नाहीशी होणारी म्हातारी तू दाखविलीच नाहीस. आरशात फक्त रिकामी सीट, बाबांचा वेधशाळेत नेण्याचा जाड कोट आणि मागे पडत जाणारे धुके आहे. कोटाची एक बाही दबलेली दिसते, त्यावरून तिथे कोणी बसून गेले हे कळते. त्या चित्राला आता हात लावू नकोस.

चेहरा नसलेल्या बाईचे चित्र मला अपुरे वाटले. ती गोष्ट उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी मजुरांच्या भूतकथांतली आहे. १८८५ पासून ते करारावर मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भुतेही आली. तू तिला काळ्या पोकळीत उभी केली आहेस, त्यामुळे ती कुठलीच राहत नाही. तुमच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या पिवळट फरश्या आणि गंजलेला नळ तिच्या मागे आला, तर मुली तिथे एकट्या का जात नसत, हे पाहणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

मिरवणुकीचे चित्र नव्याने करणार असशील, तर मोठा कॅनव्हास ताणण्याआधी कच्चे रेखाटन तुझ्या हिलोच्या मैत्रिणीच्या आजींना दाखव आणि त्यांना काही खटकते का, ते विचार. त्या नको म्हणतील तो भाग काढून टाक. मग ते मलाही पाठव; बाबाही वाट पाहत आहेत.

तुझी,
आई