स्केटबोर्ड शिकणाऱ्यांना सपाट जागा हवी

मा. संपादक,

महोदय,

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, स्केटबोर्डिंगला प्रथमच स्थान मिळाले आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारातील सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके जपानची मोमिजी निशिया आणि ब्राझीलची रायसा लेआल या १३ वर्षांच्या मुलींनी पटकावली. पुढच्याच वर्षी गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने या खेळात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हापासून शाळेत शारीरिक शिक्षण शिकवताना ‘बाई, स्केटबोर्ड कुठे शिकायचा?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. पालकांचे फोनही येतात. हा छंद कसा सुरू करावा आणि तो सुरू करणाऱ्यांसाठी महापालिकांनी काय करावे, याविषयी काही गोष्टी आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छिते.

बहुतेक मुलांचा उत्साह पहिल्या बोर्डापाशीच मावळतो. वाढदिवसाला खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या स्वस्त बोर्डाचे ट्रक, म्हणजे फळीखालचा, चाकांचा आस धरून ठेवणारा भाग, बहुधा प्लास्टिकचे असतात. चांगल्या बोर्डात हा भाग धातूचा असतो आणि त्यात बुशिंग नावाचा, थोडा दबणारा गोल तुकडा बसवलेला असतो. फळीच्या एका कडेवर भार दिला की तो दबतो आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. खेळण्यातल्या बोर्डावर मूल वळण्यासाठी झुकते, बोर्ड मात्र सरळच जातो आणि मूल पडते. मग ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे त्याच्या मनाने घेतले, तर त्यात मुलाचा काय दोष? दुकानात बोर्ड उलटा धरून चाक बोटाने फिरवून पाहावे. ते दोन गिरक्यांत अडखळून थांबत असेल, तर बोर्ड परत ठेवावा. मेपल लाकडाच्या सात थरांची, सुमारे आठ इंच रुंदीची फळी, धातूचे ट्रक आणि पॉलियुरेथेनची चाके असलेला बोर्ड काही हजार रुपयांना पडतो हे खरे. पण पैसे कमी असतील तर कोणाचा तरी वापरलेला चांगला बोर्ड घ्यावा, नवे खेळणे घेऊ नये.

चाकांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या शहरांतील जमिनीशी त्यांचा थेट संबंध आहे. व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या उड्या आणि कसरती ५२ मिलिमीटरच्या आसपासच्या, ९९ए (‘ए’ हे चाकाच्या कठीणपणाचे माप; आकडा जितका कमी तितके चाक मऊ) इतक्या कठीण चाकांवर केल्या जातात आणि ती चाके गुळगुळीत काँक्रीटसाठीच असतात. आपल्याकडे सोसायटीच्या आवारापासून पदपथापर्यंत जिकडेतिकडे पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. त्यांच्या प्रत्येक सांध्यावर कठीण चाक आपटते, पायांना झिणझिण्या येतात आणि दोन ब्लॉकच्या मध्ये अडकलेला हरभऱ्याएवढा खडासुद्धा चाक जागच्या जागी रोखतो. बोर्ड थांबतो, पण त्यावरचा माणूस पुढे फेकला जातो. ज्यांना घराजवळ अशीच जमीन मिळणार आहे, त्यांनी सुरुवातीला ५६ ते ६० मिलिमीटरची, ७८ए च्या आसपासची मऊ चाके घ्यावीत. अशा चाकांवर उड्यांचा सराव नीट होत नाही. मात्र पहिल्या काही महिन्यांत उड्या मारायच्याही नसतात.

त्या काळात करायचे ते एवढेच. आधी गवतावर किंवा सतरंजीवर, बोर्ड घरंगळणार नाही अशा ठिकाणी, गुडघे वाकवून उभे राहावे आणि कोणता पाय पुढे ठेवल्यावर तोल सहज सांभाळता येतो ते पाहावे. डावा पाय पुढे असेल तर त्याला रेग्युलर आणि उजवा असेल तर गूफी म्हणतात. यात चूक-बरोबर काही नाही. त्यानंतर सपाट जमिनीवर पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या स्क्रूंवर रोवून मागच्या पायाने रेटा द्यावा, आणि वेग वाढवण्याआधी तोच पाय जमिनीवर हलकेच घासत थांबायला शिकावे. ज्याला थांबता येत नाही त्याने उतारावर जाऊ नये, हा नियम माझ्या मते कोणत्याही वयाला लागू आहे.

पालकांची पडण्याची भीती अनाठायी नाही. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात टेकतो, त्यामुळे या खेळात मनगटाची हाडे मोडण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांच्या पॅडइतकेच रिस्टगार्डही महत्त्वाचे मानावेत. बोर्ड पायाखालून पुढे निसटला की माणूस पाठीवर पडतो, त्यामुळे डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारे, स्केटिंगसाठीचेच हेल्मेट घ्यावे. मुलींच्या पालकांना मुद्दाम मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्याविषयी सांगावेसे वाटते. तेथे २०१५ मध्ये स्केटपार्क उभा राहिला. शाळा बुडवणाऱ्याला स्केटिंग नाही आणि मुलींना पहिली संधी, असे दोनच नियम ठेवले गेले, आणि तेथील आशा गोंड ही मुलगी पुढे चीनमधील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली.

आता जागेविषयी. सोसायटीत गाड्या आणि ज्येष्ठ नागरिकांची ये-जा असते, त्यामुळे रखवालदार हटकतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. रस्त्यावर तर शिकूच नये. पण नवशिक्यांना लागलीच उंच रॅम्प असलेला, खर्चिक स्केटपार्क हवा असतो असेही नाही. स्वच्छ झाडलेली, गुळगुळीत, सपाट जागा त्यांना पुरते, आणि ती आपल्या अनेक शहरांत रोलर स्केटिंगच्या रिंकच्या रूपाने आधीच तयार आहे. आमच्या भागातील अशा एका रिंकवर बोर्ड घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना ‘येथे फक्त पायात घालायच्या स्केट्सना परवानगी आहे’ असे सांगून परत पाठवण्यात आले. वास्तविक देशात या दोन्ही खेळांचा कारभार रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही एकच संघटना पाहते. एकाच वेळी दोन्ही प्रकार रिंकवर चालवणे धोक्याचे आहे, हा व्यवस्थापनाचा मुद्दा मला मान्य आहे; म्हणूनच बोर्डासाठी वेगळी वेळ ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

महापालिकांच्या क्रीडा विभागांनी आपल्या प्रत्येक रिंकवर आठवड्यातून निदान दोन दिवस, सकाळी एक तास, केवळ स्केटबोर्डसाठी राखून ठेवावा, हेल्मेट सक्तीचे करावे आणि बोर्डावर शिकवू शकणाऱ्या प्रशिक्षकाची त्या वेळेपुरती नेमणूक करावी. पावसाळ्यात उघड्या रिंकवर सराव करता येत नाही, कारण ओल लागली की चाके सहज फिरवणारी, त्यांच्या आतली बेअरिंग गंजतात आणि फळीचे थर सुटू लागतात. तेव्हा ही व्यवस्था एप्रिलमध्ये परीक्षा संपताच सुरू झाली, तर मुलांना जूनपर्यंतचे दोन महिने पुरेपूर मिळतील.

आपली विश्वासू,
शारीरिक शिक्षण शिक्षिका, पुणे