सिस्टर, तुम्ही बाळाचे पाय उघडे ठेवलेत

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र तुम्हालाच आहे.

गड्ड्याची यात्रा चालू होती, सोलापुरात रात्रीचा गारठा होता. २८ आठवड्यांतच जन्मलेली, १,०५० ग्रॅमची माझी लेक एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत. सासूबाईंनी लोकरीचे मोजे विणून आणले आणि तुम्ही ते परत दिलेत. चादरींच्या या गावात पांघरुणाला कुणी नको म्हणतं का? सासूबाई रुसल्या. राग मलाही आला होता. "पेटीत ऊब आहे. पाय मला दिसायला हवेत," एवढंच म्हणालात.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या असतात. जन्मानंतर थोडे दिवस त्यांतून वाट मिळते, म्हणून बेंबीतून दोन नळ्या घातल्या होत्या. शिरेतून औषधं आणि सलाईन. धमनीतल्या नळीवर रक्तदाब कळतो, तपासणीचं रक्तही दर वेळी न टोचता मिळतं. शिरेतली नळी आधी यकृतात गेली होती, एक्स-रेत दिसताच डॉक्टरांनी ती बदलली. पण धमनीतल्या नळीमुळे रक्तवाहिनी आखडली किंवा गुठळी झाली, तर पायाचं रक्त तुटतं. सही घेताना डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. तेव्हा माझ्या कानात काही शिरतच नव्हतं.

तिसऱ्या रात्री मी दूध काढून घेऊन आले, तर तुम्ही वाकून उजव्या पायाची बोटं बघत होतात. निळसर पडली होती. डॉक्टरांना हाक मारून तुम्ही डावा पाय कोमट ओल्या कापडात गुंडाळलात. "अहो, तो नाही, दुसरा!" मी ओरडलेच. हात न थांबवता तुम्ही सांगितलंत: चांगला पाय शेकला की दुसऱ्या पायाच्या रक्तवाहिन्याही सैल होतात, रक्त कमी पडलेला पाय शेकला तर त्यालाच इजा होते.

तरी रंग परतला नाही. मग डॉक्टरांनी नळी काढली, शेवटचा भाग तर अगदी थांबत थांबत, रक्तस्राव होऊ नये म्हणून. पहाटेपर्यंत तुम्ही त्या पायावरून नजर हलवली नाहीत. उजाडताना मला जवळ बोलावलंत आणि बोटं दाखवलीत. गुलाबी होती. तुमचे डोळे भरले होते, सिस्टर, मी पाहिलं.

त्या मोज्यांत तिचे पाय आता मावत नाहीत. पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ, तेव्हा सासूबाईंना तुम्हाला भेटायचं आहे. शेंगाचटणी घेऊन येतायत.

तुमची,
पेटी नंबर चारची आई