लांडगा माणसाला चुकवायला शिकतो

संपादक महोदय,
वस्तीजवळ लांडगा दिसला की ‘तो निर्ढावला’ अशी ओरड होते. खरे तर तो शिकतो ते आपल्याला चुकवायला. दिवसभर झुडपांत दडायचे आणि आपली वर्दळ थांबली की आपल्याच कच्च्या वाटांनी मैलोन्‌मैल जायचे, हा त्याचा क्रम. रोमच्या वेशीवर, कास्तेल दि ग्विदोच्या रानात २०१७ मध्ये लांडग्यांची पिल्ले आढळली. तिथल्या कळपाचे मुख्य भक्ष्य रानडुक्कर. मला धास्ती वाटते ती उघड्या कचऱ्याची आणि मोकाट कुत्र्यांची. खरकट्याची चटक लागली की लांडग्याची माणसाबद्दलची भीती जाते. कुत्र्यांकडून त्याला रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक घातक विषाणूजन्य आजार) होतो, शिवाय संकर होतो तो वेगळाच. कृपा करून त्याला खायला घालू नका, फोटोसाठी गुहेपर्यंत जाऊ नका.
– एक वन्यजीवप्रेमी वाचक