खरखर काढली तर तंबोरा उरत नाही

महोदय,

गेली ४१ वर्षं मी मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून त्यांचा आवाज घुमता करतो. अलीकडे घडलेली एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र.

माझा भाचा पुण्यात ध्वनिमुद्रण शिकतो. सुट्टीत तो आमच्या कारखान्यात आला आणि चार दिवस नुसते आवाज टिपत बसला. घोडीवर फिरणारी कानस, भोपळा घासतानाची करकर, खुंटी पिळताना कुरकुरणारं लाकूड. त्यातून त्यानं बारा मिनिटांची रचना बांधली आणि एका संगीत संमेलनातल्या नवोदितांच्या सत्रासाठी पाठवली. उत्तर आलं, ‘हा गोंगाट आहे, संगीत नाही.’

हे मला फार टोचलं, कारण माझं पोटच खरखरीवर चालतं. तार घोडीच्या धारेवर नुसती टेकली तर ‘टण्’ करून विझते. म्हणून घोडीच्या माथ्याला केसभर उतार द्यायचा. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हापुन्हा चाटून गेली पाहिजे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. दोरा जरासा इकडेतिकडे झाला की जवारी मिटते. जागा सापडली की वरचे स्वर उजळतात आणि कोणी न छेडलेला गंधार खर्जातून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो घुमतो ते या चाटण्यामुळे. ‘तेवढी खरखर काढून द्या’ असं सांगणारा गवई मला आजवर भेटलेला नाही.

भाच्यानं मला लुइजी रुसोलोची हकिगत सांगितली. इटलीतला हा चित्रकार. १९१३ साली त्यानं ‘गोंगाटाची कला’ हा जाहीरनामा लिहिला. यंत्रांच्या शहरात वाढलेल्या कानाला जुन्या वाद्यवृंदाचे मोजके आवाज पुरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. लिहून तो थांबला नाही, त्यानं वाद्यंही बनवली. लाकडी पेटी, पुढे कर्णा, मागे फिरवायचा दांडा. आत चाक तारेला घासतं, तारेचं टोक ताणलेल्या पडद्याला जोडलेलं आणि ताण बदलला की आवाज चढतो-उतरतो. मूळ पेट्या आज राहिल्या नाहीत, पण रचना कळल्यावर हा माणूस मला आमच्याच धंद्यातला वाटला.

पुढे १९४८ मध्ये पॅरिसच्या पिएर शेफर या संगीतकारानं बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज टिपले आणि तबकडीची एकच खाच फिरती ठेवून त्यांची लय बांधली. जेमतेम तीन मिनिटांची रचना आहे. ऐकताना मला मिरज जंक्शनचा फलाट आठवला आणि दुसऱ्यांदा ऐकताना फलाट विसरून नुसता ठेका उरला.

हे परदेशी खूळ आहे असं कोणी म्हणेल. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीनं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. पखवाज शिकलेल्या गीता साराभाईंनी तिथं रचना केल्या.

सगळंच मला रुचतं असं नाही. गोंगाटातूनच संगीत करणाऱ्या जपानच्या मर्झबाऊचं ऐकायला घेतलं, पाच मिनिटांत कान दुखू लागले, बंद केलं. पण मला ते बंद करता आलं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे ही सोय नसते. माझ्या घराच्या काचा हादरतात, आजारी आईला मागच्या खोलीत हलवावं लागतं. ज्यांनी माझ्या भाच्याला गोंगाट म्हणून परत पाठवलं, त्यांच्यापैकी एकानंही या भिंतींविरुद्ध तोंड उघडलेलं मला माहीत नाही. लादलेला आवाज आणि मुद्दाम निवडून, कान लावून बांधलेला आवाज यांना एकच शब्द वापरणं हा कानावरचा अन्याय आहे.

संमेलनाच्या आयोजकांना माझी विनंती एवढीच, की ती रचना एकदा शेवटपर्यंत ऐकावी. त्यांनी ती चौथ्या मिनिटाला बंद केली, असं त्यांच्याच पत्रात लिहिलं आहे. कानस थांबून पहिल्यांदा तार बोलते ती नवव्या मिनिटाला.

– एक जवारीकार, मिरज