वॉटर पंपाचे सील गेले असताना हेड गॅस्केटचे बिल: परतावा व पंपाच्या वॉरंटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: वॉरंटीतील मोटरसायकलचे चुकीचे निदान, त्यापोटी घेतलेले पैसे आणि वॉटर पंपाला नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपल्या कंपनीची लिक्विड-कूल्ड मोटरसायकल मी वापरतो. गाडी वॉरंटीत आहे, प्रत्येक सर्व्हिस कराडच्या अधिकृत सेंटरवरच झाली आहे आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तिथेच भरलेले आहे. हे आधीच नमूद करतो, कारण ‘तुम्ही साधे पाणी घातले असेल’ असे मला तिथे तोंडावर ऐकवण्यात आले.

चिपळूणहून येताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. कूलंट इंजिनभर फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या झाकणाखाली हिरवट ओल होती, तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडून कूलंटचा गोडसर वास येत होता, आणि रिझर्व्ह टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती. तशा अवस्थेत चालवून इंजिन जाम होऊ नये म्हणून गाडी टेंपोत घालून सेंटरवर आणली.

गळती कुठे आहे ते मी सुपरवायझरला बोट ठेवून दाखवले. जॉब कार्डवर मात्र ‘ओव्हरहीटिंग’ एवढाच शब्द लिहिला गेला. संध्याकाळी फोन आला की हेड गॅस्केट (सिलेंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी चकती) गेले आहे, ओव्हरहीटिंगचे नुकसान वॉरंटीत बसत नाही, ८,७०० रुपये होतील. कामावर जायला दुसरे साधन नाही, म्हणून पैसे भरले. गाडी घरी आणली, आणि सकाळी फरशीवर त्याच जागी तोच हिरवा डाग! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हेड गॅस्केट गेले की इंजिन सुरू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, किंवा कूलंट मिसळून ऑइल दुधाळ होते. माझ्या गाडीत यातले काहीही नव्हते. ऑइलच्या काचेतून ऑइल स्वच्छ दिसत होते. मग हेड कशाच्या आधारावर खोलले? जॉब कार्डवर प्रेशर टेस्टची किंवा कॉम्प्रेशन टेस्टची एकही नोंद नाही.

पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. इंपेलरच्या (कूलंट ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) बाजूचे मेकॅनिकल सील कूलंट अडवते, इंजिनच्या बाजूचे ऑइल सील ऑइल अडवते. दोघांच्या मधल्या पोकळीतून बाहेर एक बारीक भोक काढलेले असते, ते वीप होल. सील फुटले तर कूलंट ऑइलमध्ये न उतरता बाहेर दिसावे, यासाठीच ते ठेवलेले असते. तिथून कूलंट गळले तर मेकॅनिकल सील गेले, ऑइल गळले तर ऑइल सील गेले. आपल्याच अभियंत्यांनी ठेवलेली ही खूण आपल्याच अधिकृत सेंटरने खाली वाकून पाहिली नाही, याचा मला मनापासून संताप आहे.

ती पाहिली गावातल्या एका जुन्या मेस्त्रींनी. वॉरंटीला बाधा येऊ नये म्हणून त्यांनी एकही नट ढिला केला नाही. इंजिन गार असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावला. कॅपवर १.१ बार छापलेले आहे, त्यांनी एक बारपर्यंतच दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला आणि वीप होलमधून थेंब बाहेर आला. या तपासणीला कितीसा वेळ लागतो? हेड उतरवण्याआधी ती करायला काय हरकत होती?

त्यानंतर सेंटरवर सुपरवायझरसमोर पंपाचे झाकण उघडायला लावले. इंपेलर हाताने हलवला की शाफ्ट डुलत होता, म्हणजे बेअरिंगला खेळ आला होता, आणि सीलचे तोंड एका बाजूने झिजले होते. फोटो सोबत जोडले आहेत. आता सेंटरचे म्हणणे असे की सील हा झिजणारा भाग आहे, त्याला वॉरंटी नाही, पैसे भरल्यास तेवढे बदलून देऊ. आपल्या वॉरंटी पुस्तिकेत वगळलेल्या भागांच्या यादीत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, फिल्टर, बल्ब आहेत. वॉटर पंप किंवा त्याचे सील नाही. शिवाय डुलणाऱ्या शाफ्टवर नवे सील बसवले तर तेही तसेच झिजणार, आणि मी पुन्हा घाटात उभा राहणार.

म्हणून माझी मागणी अशी की बेअरिंग, शाफ्ट आणि दोन्ही सील यांसह पंप वॉरंटीत बदलावा. जोडणीनंतर कूलिंग सिस्टीममधली हवा काढून, प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करून तिचा आकडा जॉब कार्डवर लिहून द्यावा. हेड गॅस्केटचे ८,७०० रुपये परत करावेत. काढलेले जुने गॅस्केटही मला हवे आहे. मागूनही ते दिलेले नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी यावे लागणार नाही.

गाडी सध्या सेंटरवरच, पंप उघडलेल्या अवस्थेत उभी आहे. लेखी उत्तर येईपर्यंत माझ्या संमतीशिवाय तिच्यावर कोणतेही काम करू नये, अशी सूचना सेंटरला आजच द्यावी.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व गाडी क्रमांक जोडलेल्या जॉब कार्डवर)

सोबत: जॉब कार्ड, बिल, वॉरंटी पुस्तिकेतील संबंधित पान, पंपाचे फोटो