बाटलीत काय होतं, हे आम्हाला डॉक्टरांना सांगता आलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई आता घरोघर सुरू होईल. त्याआधी आमच्या घरात पितृपक्षात जे घडलं ते तुमच्या वाचकांच्या कानावर जावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. घरात आम्ही दोघी जावा, दोघीही कामाला जातो. घर धुवायचं ते सुट्टीच्या एकाच दिवशी उरकायचं, अशी आमची पद्धत.

घटस्थापनेआधी गोधड्या, चादरी, डबे, देव्हारा असं सगळं धुऊन निघतं आणि बाथरूम शेवटी राहतं. खरं तर जड काम तेच. उजनीचं नळाचं पाणी रोज येत नाही, ते आम्ही प्यायला आणि स्वयंपाकाला पुरवतो. आंघोळ-धुणं बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी वापरणाऱ्याला सांगायला नको, तोटीला पांढरं कवच चढतं, शॉवरची निम्मी भोकं बुजतात, बादलीत आतून हात फिरवला तर खरखरीत लागतं. टाइल्सवर पाणी ओघळतं तिथं तिथं पांढरे पट्टे पडतात. साबणानं कितीही घासा, ते हलत नाहीत.

म्हणून धाकट्या जावेनं गल्लीत भोंगा लावून फिनेल, ॲसिड विकत येणाऱ्या गाडीवरून लिटरभर ॲसिड घेतलं. कोल्ड्रिंकची जुनी बाटली, तिच्यावर कोल्ड्रिंकचंच लेबल. भावही स्वस्त. तिनं ते टाइल्सवर आणि खालच्या शहाबादी फरशीवर ओतलं. फरशीवर लगेच फेस आला. तिला वाटलं मळ निघतोय. कोपऱ्यातले काळे डाग मात्र गेले नाहीत, तेव्हा टाकीत टाकायला आणून ठेवलेली ब्लीचिंग पावडर तिनं दोन मुठी वरून भुरभुरली. वास देवघरापर्यंत जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलेलं. उकिडवी बसून ती घासत होती.

मी अंगणात चादरी पिळत होते. आतून "अक्का" अशी हाक आली, पण आवाज असा की कुणी गळा दाबून धरलाय. दार उघडलं तर हिरवट पिवळा धूर आणि नाकाला झोंबणारा वास. ती भिंतीला धरून खोकत होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तिला काखेत धरून ओढतच अंगणात आणलं. मग घाईघाईत एक बादली पाणी ओतायला मी परत आत गेले आणि मलाही असा ठसका लागला की उंबऱ्यातच बसले. ते मी करायला नको होतं. आपल्याकडं काही बिघडलं की पहिली धाव ते आवरायला जाते, माणसाला मोकळ्या हवेत बसवून दूर राहायचं सुचत नाही.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या वायूनं फुप्फुसाला सूज यायची तर ती कधीकधी काही तासांनी येते, आत्ता बरं वाटतंय म्हणून घरी पाठवणार नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, नक्की काय ओतलं होतं? मी दिराला बाटली आणायला पाठवलं. त्यानं आणलेली बाटली डॉक्टरांनी उलटीसुलटी करून पाहिली. वर कोल्ड्रिंकचं नाव. आत किती टक्क्यांचं ॲसिड, कुठलं ॲसिड, कुणी भरलं, यातलं काहीच आम्हाला सांगता आलं नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात एकच येत होतं, हीच बाटली आदल्या रात्री ओट्याखाली होती आणि घरात चार वर्षांचं पोर आहे.

माझा भाऊ बरीच वर्षं सुताच्या डाईंगमध्ये कामाला होता. त्याला कळलं तेव्हा तो माझ्यावरच ओरडला. त्यांच्याकडं ब्लीच एका शेडमध्ये आणि ॲसिड दुसऱ्या शेडमध्ये असायचं, दोन्हींची मापं आणि बादल्यासुद्धा वेगळ्या. ब्लीचिंग पावडर असो की बाटलीतलं पातळ ब्लीच, त्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. पुतण्या अकरावी सायन्सला आहे, त्यानं आणखी एक सांगितलं ते प्रत्येक बाईनं लक्षात ठेवावं. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो. उभ्या माणसाला वास येईपर्यंत उकिडवं बसून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो गेलेला असतो. आपण सगळ्या बसूनच घासतो.

त्या फरशीचंही सांगते. जिथं ॲसिड पडलं तिथली गुळगुळीत पाठ गेली, हाताला कानसासारखं लागतं आणि आता तिथंच मळ जास्त धरतो. शहाबादी हा मुळात चुनखडीचा दगड आणि तोटीवरचा क्षारही त्याच चुन्याचा. ॲसिड जसं क्षार खातं तसं फरशीही खातं. टाइल्समधलं सिमेंटही भुसभुशीत होतं, मग तिथून पाणी मुरतं. आमच्या जुन्या पेठांमधल्या कितीतरी मोऱ्यांना शहाबादीच आहे.

आता मी असं करते. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं, त्याचे तीन-चार चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवते. कारखान्यातून मिळणारे टॉवेलचे तुकडे त्यात भिजवून तोटीला गुंडाळते, शॉवरला पिशवीत तेच पाणी भरून रबरानं बांधते. तासभर हात लावायचा नाही. नंतर जुन्या टूथब्रशनं घासलं की क्षाराचे पापुद्रे निघतात, वर्षाचा थर असला तर दोन-तीनदा करावं लागतं. हे पाणीही शहाबादीवर सांडू द्यायचं नाही, तिलाही ते खातं. फरशीला धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरतो. साबणाचा चिकट थरही त्यानंच निघतो. न्हाणी ट्रॅपची जाळी काढून आतली वाटी उचलायची, केसांचा आणि साबणाचा गोळा हातमोजा घालून काढायचा आणि वाटी धुऊन परत नीट बसवायची. तिच्यात पाणी उभं राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही, कुणी ती काढूनच टाकली तर फिनेल ओतून उपयोग नाही. कोपऱ्यातल्या काळ्या बुरशीला ब्लीच लागतंच, पण ते दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवसाचं सगळं भरपूर पाण्यानं धुऊन गेल्यावर, दार-खिडकी उघडी ठेवून, नुसत्या पाण्यात कालवून. लिंबूफुलासकट कुठलंही आंबट ब्लीचजवळ आणायचं नाही. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनरही एकत्र करायचा नाही. पाण्याची ओढ असते म्हणून एकाच वेळी सगळं ओतून एकदाच धुवायची घाई होते, आमच्याकडंही तीच झाली. मी आता चादरी खळबळलेलं पाणी पिंपात धरून ठेवते आणि पहिलं धुणं त्यानं करते.

ॲसिडफेकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कारण वहीत लिहायचं, ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही, मोडलं तर ५० हजारांपर्यंत दंड. आमच्या गल्लीत भोंग्यावर ओरडून विकलं जातं आणि बाटली कुणाचीही चालते. त्या गाडीवाल्याचंही पोट आहे, त्याचा धंदा बंद व्हावा असं मी म्हणत नाही. ॲसिड जिथून भरून निघतं तिथंच बाटलीवर मराठीत नाव, किती तीव्र आहे ते आणि "ब्लीचिंग पावडरसोबत वापरू नका" एवढं छापलं जावं. ज्यांच्या हाती परवाने आहेत त्यांनी एवढी सक्ती करावी. आमच्या पूर्व भागात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांच्यासाठी चित्रही असावं.

जाऊ आता कामावर जाते. जिना चढला की अजून खोकते. गेल्या मंगळवारी तीच गाडी परत आली. मी त्याला थांबवून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मला जसं भरून मिळतं तसं मी विकतो. आत काय आहे ते मलाबी कुणी सांगितलं नाही."

माझी विनंती एवढीच की हे पत्र वसुबारसेच्या आधी छापावं. त्यानंतर बायकांना पेपर वाचायला सवड नसते. आणि कुणाच्या घरी असं घडलंच, तर माणसाला आधी बाहेर काढा, डोळे साध्या पाण्यानं धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

आपली वाचक,
एक टॉवेल कामगार, अशोक चौक, सोलापूर