परक्या रानातला गाळ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "सातबाऱ्यावर बोजा चढवतो, पैसे आणतो, पण धंदा बंद पडू देऊ नको." तेव्हा मी गप्प राहिले. बोलले असते तर रडूच आलं असतं. म्हणून आज लिहायला बसले.

आई, तू विचारलंस, "तू कुणाचं वाईट केलं नाहीस, मग तुझ्या खात्याला कुलूप लावलं कुणी?"

लातूर, औसा, उदगीर, मुरूडच्या मोंढ्यात सोयाबीन-तुरीला काय भाव निघाला, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर आडतीवर किती कापतात, एवढंच आम्ही रोज शेतकऱ्यांना कळवायचो. त्यासाठी वेगळं ॲप घ्या म्हटलं असतं तर कुणी घेतलं नसतं. म्हणून लोकांच्या मोबाइलात आधीपासून असलेल्या निरोपाच्या ॲपवरच सगळा डोलारा उभा केला. अडीच वर्षांत 4,200 शेतकरी जोडले गेले.

त्या सोमवारी सकाळी सहाला मोबाइल उघडला तर एकच ओळ: नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे तुमचं खातं बंद केलं आहे. कोणता नियम, ते नाही. फोन करायला नंबर नाही. अर्ज भरला की मशीनचं ठरावीक उत्तर यायचं. साडेसातला मुरूडकडच्या एका आजोबांचा फोन आला, "पोरी, आज भाव आला नाही. टेम्पो उभा आहे, पोती भरू का नको?" त्यांच्याकडे माझा नंबर होता म्हणून ते विचारू शकले. बाकीच्यांना कळवणार कसं? बहुतेकांचे नंबर त्या बंद खात्यातच अडकलेले. आमच्या वहीत जेमतेम नऊशे नावं होती. नऊ दिवसांनी खातं उघडलं, तेव्हाही कारण सांगितलं नाही.

बाबा, तुम्हाला ओढ्याकाठचं बटईचं रान आठवतं? पाझर तलावातला गाळ तुम्ही ट्रॅक्टरनं ओढून त्यात टाकला होता. मी शाळेतून आले की डबा घेऊन यायचे, तेव्हा तुमच्या पापण्यासुद्धा मातीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. दोन वर्षं तूर कमरेच्या वर गेली, आणि तिसऱ्या वर्षी मालकानं रान काढून घेतलं. तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होतात, "बटईनं केलं ते चुकलं नाही. गाळ टाकला ते चुकलं." या नऊ दिवसांत ते वाक्य मला रोज आठवलं. त्या ॲपवर गेले ते चुकलं नाही, नाहीतर एवढे शेतकरी भेटलेच नसते. माणसांची नावं, ओळख, भावाचा जुना हिशेब, सगळं तिथंच ठेवलं, ते चुकलं.

मोठमोठ्यांचंही हेच झालंय. 2009 साली फेसबुकवर फार्मव्हिल नावाचा शेतीचा खेळ आला, लोक कॉम्प्युटरवर नांगरत-पेरत बसायचे. तो काढणाऱ्या झिंगा कंपनीची नव्वद टक्क्यांहून जास्त कमाई 2011 मध्ये एकट्या फेसबुकवरून होत होती. फेसबुकनं खेळांकडून लोकांना जाणाऱ्या सूचना आवरल्या, मग व्यवहारातले शंभरातले तीस स्वतःला घ्यायला सुरुवात केली, आणि झिंगाला ते मानावं लागलं. आपल्याकडेही मार्च 2024 मध्ये शुल्काच्या वादात गूगलनं दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली होती. त्यात नोकरी डॉट कॉम आणि भारत मॅट्रिमोनीसारखी नावाजलेली ॲप्स होती. सरकार मध्ये पडलं, ॲप्स परत आली. आमच्यासारख्या चौघांच्या कंपनीसाठी कोण मध्ये पडणार?

म्हणून आता प्रत्येक शेतकऱ्याला विचारून त्याचं नाव, गाव, पीक आमच्या स्वतःच्या नोंदीत घेतोय. मिस्ड कॉल दिला की उलट फोन करून भाव ऐकवायचं सुरू केलंय. साधा एसएमएसही जोडतोय, त्याला दूरसंचार कंपन्यांकडे नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते, ते कागद दिलेत. तेही दुसऱ्याचंच रान आहे, मला कळतं. पण एक वाट अडली तर दुसरीनं भाव पोचेल. ते जुनं ॲपही सोडणार नाही.

यात वेळ जाईल, पैसा कमी येईल, दोन महिने मी पगार घेणार नाही. पण बाबा, बोजा चढवू नका. तुमचे पैसे आले असते तर मी ते त्याच ॲपवर जाहिरातीत घातले असते, म्हणजे पुन्हा परक्या रानात गाळ, आणि या वेळी तो आपल्याच अडीच एकरांतून उपसलेला. सातबारा पत्र्याच्या पेटीत आहे तिथंच राहू द्या.

पोळ्याला दोन दिवस आधी येते. येताना कोरी वही आणते. आपल्या गावात सोयाबीन कुणाकुणाचं आहे ते तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची लेक